फळीमागची जागा

“गेला का गं?”

चेंडू हातातून सुटला की फळीच्या मागून हा आवाज यायचा. टप्पी शाळेकडून बास्केटबॉल खेळायची, त्या दिवसांतली गोष्ट. चेंडू जाळीतून सुळकन खाली उतरलेला असो, रिंगवर गिरक्या घेऊन बाहेर पडलेला असो, नाहीतर फळीला न शिवता थेट पंचांच्या पोटात जाऊन बसलेला असो, मागून प्रश्न एकच. सगळा हॉल हसायचा. टप्पीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. चेंडू गेलेला असला तर ती पळता पळता ओरडून सांगायची, “गेला, आई.” नसला गेला तर काहीच बोलायची नाही. तेवढ्यावरून मागे काय ते कळायचं.

विचारावं लागायचं, कारण तिथून दिसत काही नव्हतं. पालिकेच्या त्या हॉलमध्ये दोन्ही लांब बाजूंना ऐसपैस बाकं होती. पण रिंगच्या मागे जो पायऱ्यापायऱ्यांचा सज्जा होता, तो बरोबर फळीच्या उंचीला. तिथे मधोमध बसलं की समोर लाकडी फळीची पाठ. फळीच्या खालून पळणारे पाय दिसत, वरून छताचे दिवे दिसत, आणि मधला सगळा खेळ फळी गिळून टाकी. त्या जागेला सगळे ‘आंधळा सज्जा’ म्हणत. तिथे बसत ते उशिरा आलेले, झोप अनावर झालेले, आणि टप्पीची आई. बाजूची बाकं ओस पडलेली असली तरी आई तिथेच. हातात लोकरीचं विणकाम, शेजारी पाण्याची बाटली, समोर फळीची पाठ.

आणि गंमत म्हणजे ती फळी घरचीच होती.

फळ्या करायचे टप्पीचे वडील, अण्णा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना. आधी ते शाळांचे फळे करत, काळे, गुळगुळीत, खडू लागला की पांढरं हसणारे. मग एका शाळेने फळ्यांबरोबर मैदानासाठी बास्केटबॉलची फळीही मागितली, आणि अण्णांनी ती अशी काही घडवली की हळूहळू फळे मागे पडले आणि फळ्या पुढे गेल्या. अण्णा म्हणायचे, फळा हा मुलगा; त्याच्यावर काहीही लिहा, पुसलं की विसरतो. फळी ही मुलगी; तिला लागलेला एकेक चेंडू तिच्या लक्षात राहतो. तयार झालेल्या फळीवर ते बोटाच्या पेराने ठोकत, कान लावत, आणि आतून ‘ठक्क’ असा भरीव, पोटातला आवाज आला तरच तिला बाहेरचं जग दाखवत. फळी बोलली पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र.

फळ्या बोलत, पण त्या घरातली माणसं सरळ बोलत नसत.

बास्केटबॉलमध्ये चेंडू थेट रिंगमध्ये टाकता येतो, किंवा आधी फळीवर मारून मग आत घालता येतो. या घरातलं सगळं बोलणं फळीवर मारून चालायचं. जेवणात मीठ जास्त पडलं की अण्णा मांजराला विचारत, “काय रे, तुलाही आज तहान तहान होतेय का?” अण्णांचे केस वाढले की आई टप्पीला सांगे, शेजारच्या मास्तरांनी केस कापलेत, काय तरतरीत दिसतात. टप्पीला सहलीला जायचं असलं की ती परवानगी मागत नसे, घरातली मोठी पिशवी कुठे ठेवलीय तेवढं विचारी. चेंडू कुणाच्या अंगाला न लागता बरोबर जागी पडे. कुणी दुखावत नसे, कुणाचं काही अडत नसे. वर्षानुवर्षांच्या सरावाने तिघांचा नेम इतका पक्का झाला होता, की सरळ बोलून बघावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

टप्पी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागली तीच मुळी चेंडू आपटत, म्हणून गल्लीतल्या पोरींनी तिच्यावर ओळी जुळवल्या होत्या:

टप टप टप्पी, चेंडूला थप्पी,
चेंडू गेला आभाळात, टप्पी झाली गप्पी.

ओळी विरून गेल्या, नाव चिकटलं. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा नवरा मिळाला, तो याच घरात राहायला आला आणि घरी असला की झोपलेलाच असे. एक लेक झाली, तीही चेंडूमागे भिरभिरणारी, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. तरी टप्पी ती टप्पीच. तिचा खेळ सुटला आणि ती अण्णांच्या शेडमध्ये शिरली. अण्णांच्या हातातला रंधा तिच्या हातात आला. अण्णांच्या हातात उरला चहाचा कप, आणि चेहऱ्यावर नापसंती.

टप्पीला एकच गोष्ट आतून कुरतडायची. आपण आयुष्यात एवढे चेंडू टाकले, आणि आईने त्यातला एकही आत जाताना पाहिला नाही. बापाच्या हातच्या फळीनेच आईच्या डोळ्यांवर पडदा धरला. आता भिंगरी त्याच हॉलमध्ये खेळू लागली होती, आणि आई पुन्हा विणकामाची पिशवी उचलून त्याच आंधळ्या सज्जात जाऊन बसू लागली होती. त्यात आईचे डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उजवा डोळा निवृत्त झाल्यातच जमा आहे. डावा अजून कामावर येतो, पण किती दिवस येईल ते त्याने कळवलेलं नाही. आई यावर पोट धरून हसली. टप्पीला हसू आलं नाही. डाव्या डोळ्याची नोकरी संपायच्या आत आईने एक तरी चेंडू जाळीत उतरताना बघितला पाहिजे, एवढं तिने मनाशी घट्ट धरलं.

आईला बाजूच्या बाकावर बसवायचा प्रयत्न तिने करून पाहिला. आई म्हणाली, तिथे वारा लागतो. टप्पीने हॉलच्या रखवालदाराला गळ घालून त्या बाजूची खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, आता कोंदट वाटतं. टप्पीने खिडकी अर्धी उघडली. आई म्हणाली, अर्ध्या खिडकीचा वारा तर फारच वाईट. यापुढे टप्पीने हात टेकले. आई जागची हलत नसेल तर फळीच आरपार दिसणारी करायची, असं तिने ठरवलं. मोठ्या शहरांतल्या हॉलांना काचेच्या फळ्या कधीच लागल्या होत्या. टप्पी त्या टीव्हीवर बघायची, खेळ सोडून नुसत्या फळ्याच बघायची.

पण अण्णांपुढे काचेचं नाव काढलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फळी आहे तशी राहील, ते म्हणाले. काचेची करायची असेल तर तिला खिडकी म्हण आणि घराला लाव.

सरळ जमेना म्हटल्यावर टप्पीने घरचाच मार्ग धरला. फळी बदलायची, पण इतकी सावकाश, की आपण बदललो हे खुद्द फळीलाही कळू नये. हॉल शेडपासून जवळ होता, रखवालदार ओळखीचा होता, आणि नव्या नमुन्याची फळी आधी तिथे लावून बघायची हा अण्णांचाच जुना रिवाज होता. तेव्हा कुठलाही बदल आधी आईसमोरच जाणार होता.

सुरुवात कोपऱ्यांपासून झाली. अण्णांच्या फळीचे कोपरे बोट कापेल असे कोरीव. टप्पीने ते घासकागदाने जरासे मवाळ केले, पुढच्या फळीचे आणखी जरासे. अण्णांनी हात फिरवला आणि म्हणाले, रंधा बोथट झालाय वाटतं. टप्पी म्हणाली, हो ना, धार लावायलाच हवी. मग खालच्या कडेला रबराची जाड पट्टी आली. उंच उडणाऱ्या पोरींची बोटं त्या कडेवर आपटत, त्यामुळे कारण खोटं नव्हतं. अण्णा मांजराला म्हणाले, फळीला गादी मिळते, माणसाला खुर्चीवर साधी उशी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आईने त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवली आणि तो विषय तिथेच मिटला. मग फळी खालून जवळजवळ वीतभर कापली गेली. आता नियमच तसा झालाय, असं टप्पीने सांगितलं.

अण्णांनी विचारलं, नियम कुणी केला? टप्पी म्हणाली, नियम करणाऱ्यांनी. त्यांना फळीतलं काय कळतं, असं म्हणून अण्णांनी कापलेला तुकडा उचलला, त्यावर पेराने ठोकलं, आवाज ऐकला आणि आईला पोळपाट म्हणून देऊन टाकला. आई त्यावर पोळ्या लाटताना मुद्दाम मोठ्याने ठक्क ठक्क करी.

या सगळ्या कारस्थानात टप्पीला साथ होती रंगारी मामाची. मामा नात्याने कुणाचाच मामा नव्हता. फळ्यांना रंग द्यायला आणि त्यांच्यावर नेम धरायचा चौकोन आखायला यायचा. हात अतिशय सरळ, तोंड अतिशय सैल. अण्णा आसपास असले आणि मामाच्या ओठांवर गुपित येऊन बसलं, की टप्पी त्याच्या दातांत चिकटपट्टीचं टोक द्यायची, जरा धरून ठेव म्हणून.

मामाची एका बाबतीत मात्र खरी कुरकुर असे. हॉलमध्ये जाणाऱ्या फळीची पाठही अण्णा त्याच्याकडून रंगवून घेत. बाकी सगळ्या फळ्या मागून उघड्याबोडक्या जात, पट्ट्या आणि नटबोल्ट दिसत. हॉलच्या फळीला मात्र मागूनही दोन हात, तेही फिक्या हिरव्या रंगाचे, डोळ्यांना गार वाटेल असे. पट्ट्यांच्या कडा घासलेल्या, बोल्टांना टोप्या. “मागची बाजू कोण बघतंय?” असं मामाने अनेकदा विचारलं. अण्णा म्हणायचे, बघणारे बघतात. टप्पीला वाटायचं, म्हाताऱ्याला रंग उडवायची हौस.

असे कोपरे, कडा, उंची सगळं सरावाचं झाल्यावर टप्पीने मुद्द्याला हात घातला. रिंगच्या वर नेम धरायचा जो चौकोन असतो, तेवढंच लाकूड कापून तिने तिथे काच बसवली. खरं म्हणजे ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक, पण शेडमध्ये त्याला सगळे काचच म्हणत. दिवस तिने हेरून निवडला होता. त्या दिवशी अण्णा दाढ काढायला गेले होते, आणि परत आल्यावर त्यांना बोलता येणार नव्हतं.

अण्णा आले ते गालात कापसाचा बोळा घेऊनच. फळीसमोर उभे राहिले. पेराने लाकडावर ठोकलं, लाकूड ‘ठक्क’ म्हणालं. काचेवर ठोकलं, काच ‘टण्ण’ म्हणाली. त्यांनी टप्पीकडे पाहिलंच नाही. गालावर हात ठेवून त्यांनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, बराच वेळ. आईने विणकामातला एक टाका उसवला आणि पुन्हा घातला. टप्पीला वाटलं, फारच ठणकतेय दाढ.

पुढच्या सामन्याला टप्पी हॉलवर पोचली ती धापा टाकतच. मैदानातून त्या चौकोनात बघितलं तर पलीकडे रिकामी पायरी. आई दोन हात डावीकडे सरकून लाकडाच्या मागे बसली होती. विचारलं तर म्हणाली, तिथे दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो. डोळ्यांचा विषय निघाल्यावर टप्पी काय बोलणार? ती घरी आली आणि पुढच्या फळीत काच डावीकडे वाढवली. आई उजवीकडे गेली, तिथे म्हणे पाठीला भिंत मिळते. टप्पीने काच उजवीकडेही वाढवली. आई वरच्या पायरीवर गेली, तिथे म्हणे पाय मोकळे राहतात. काच वरपर्यंत गेली. तेव्हा आई खालच्या पायरीवर, रबरी पट्टीच्या आडोशाला, मान आत घेऊन बसलेली सापडली. आता कारण द्यायलाही तिच्याजवळ काही उरलं नव्हतं, म्हणून तिने टप्पीच्या हातात लोकरीचा गुंडा दिला आणि धागा सोडवून मागितला.

“तुझी आई आणि तुझी फळी लपंडाव खेळतायत बघ,” रंगारी मामा म्हणाला. टप्पीने चिकटपट्टीचं टोक पुढे केलं. एखादी गोष्ट आईच्या भल्यासाठी करायचं डोक्यात बसलं, की लेकीला आई दिसेनाशी होते, फक्त भलं दिसत राहतं. टप्पीचं तसंच झालं होतं.

या काळात भिंगरी भिरभिरत होतीच, आणि फळीमागून आवाजही येत होताच. गेला का गं? फरक एवढाच, की भिंगरी प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. गेला असला तर “गेला, आजी.” नसला तर त्याहून मोठ्याने, “नाही गेला आजी, पण काय झकास हुकला.” घरातल्या कुणाकडून तिने हे घेतलं होतं, ते कुणालाच सांगता येत नसे. नवरा झोपेतून उठला की म्हणे, माझ्याकडून.

आता राहिली होती पूर्ण काचेची फळी, लोखंडी चौकटीत बसवलेली, आरपार, लाकडाचा कण नसलेली. ती टप्पीने लपवून केली नाही, करताही आली नसती. अण्णा रोज शेडच्या दारात कप घेऊन बसत आणि रोज एक नवी अडचण काढत. काचेवर पाखरं धडकतील. टप्पीने सांगितलं, हॉल बंदिस्त आहे. मग धूळ कोण पुसणार? टप्पी म्हणाली, मी. मग म्हणे, पलीकडची माणसं दिसली की पोरींचा नेम बिघडतो. यावर टप्पी म्हणाली, अण्णा, सगळ्या जगाच्या पोरी अशाच फळ्यांवर खेळतात, त्यांचा नाही बिघडत. तेव्हा अण्णा चहातच बघत म्हणाले, “फळीला पाठ हवी. कुणाला ना कुणाला तिच्यामागे बसायचं असतं.” एवढं बोलून त्यांनी उरलेला चहा घाईघाईने पिऊन टाकला, जसं काही बोललेलंही त्याच घोटाबरोबर गिळायचं होतं.

फळी तयार होऊन भिंतीला टेकून उभी राहिली, पण अण्णा तिच्यावर ठोकायला तयार होईनात. आणि अण्णांनी ठोकल्याशिवाय त्या शेडमधून कधी काही बाहेर पडलं नव्हतं. टप्पीनेही हट्ट धरला, ठोकल्याशिवाय नेणार नाही. घरात बोलणं थांबलं. म्हणजे फळीवर मारूनही कुणी बोलेना. मांजर बिचारं एकेकाच्या तोंडाकडे बघत हिंडू लागलं.

तिढा सोडवला भिंगरीने, तोही जेवता जेवता, तोंडात घास असताना. ती म्हणाली, “मला आजी दिसली पाहिजे. नुसता आवाज येतो आणि आजी नसते. भुतासारखं वाटतं.”

एवढं सरळ बोलणं त्या जेवणाच्या टेबलावर याआधी कधी पडलं नव्हतं. अण्णांचा हात ताटातच थांबला. टप्पीने आईकडे पाहिलं. आईने भिंगरीकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि शेवटी खाली वाकून मांजराला म्हणाली, “होऊ दे बाबा पोरीच्या मनासारखं. आपण दोघं आता किती दिवस लपणार?”

सकाळी टप्पी शेडमध्ये गेली तर अण्णा तिच्या आधी आलेले. पूर्ण काचेच्या फळीवर त्यांनी पेराने ठोकलं. ‘टण्ण’ असा लांबलेला, नितळ आवाज पत्र्यापर्यंत जाऊन आला. अण्णांनी तो संपेपर्यंत ऐकला. म्हणाले, बोलते, पण बायकी आवाजात बोलते. टप्पी म्हणाली, फळी मुलगीच ना, अण्णा. या फळीला रंगवायला पाठच नव्हती. अण्णांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि मागच्या बाजूने तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश पुसलं, एका डागासाठी तर तोंडाची वाफ सोडून पुसलं.

सामन्याच्या दिवशी हॉल भरला होता. अण्णा आणि रंगारी मामा बाजूच्या बाकावर बसले. टप्पी मात्र जन्मात पहिल्यांदा आंधळ्या सज्जात आईशेजारी टेकली. समोर काच. काचेपलीकडे सगळं मैदान, रेघा, पोरी, पंचांचं तेच पोट. लपायला आता कुठे जागा नव्हती. आईने विणकाम नाकापर्यंत उंच धरलं होतं आणि एकही टाका पडत नव्हता.

भिंगरीने चेंडू घेतला, दोघींना चकवलं, आणि टाकला. चेंडू काचेवर टण्ण वाजला, रिंगवर नाचला आणि बाहेर पडला. त्याच क्षणी भिंगरीने वर बघितलं. रिंगकडे नाही, रिंगच्या पलीकडे, थेट आजीकडे. टप्पीनेही वळून बघितलं. आईच्या हातातलं विणकाम खाली आलं होतं आणि तिचा चेहरा पडला होता. असा पडला होता की उचलायला दोन माणसं लागावीत. ओठांची टोकं खाली, भुवया वर, आणि त्या राहिलेल्या डाव्या डोळ्यात जगबुडी.

आईने चटकन विणकाम वर घेतलं. पण उशीर झाला होता. भिंगरीने कमरेवर हात ठेवले, ओठांची टोकं खाली ओढली, भुवया वर चढवल्या, आणि आजीचा तो पडलेला चेहरा जसाच्या तसा आजीला करून दाखवला. मग खो खो हसत चेंडूमागे पळाली.

आई काही क्षण विणकामाच्या वरून बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. खांदे हलू लागले, सुई निसटून खालच्या पायरीवर गेली, ती उचलायला कुणी वाकलं नाही.

थोड्याच वेळात भिंगरीला पुन्हा चेंडू मिळाला. या वेळी तिने फळीची मदत घेतलीच नाही. चेंडू वर गेला, छताच्या दिव्याखाली जरा रेंगाळला, आणि जाळीतून खाली उतरला, कुणी पदर सावरावा तशी जाळी हलली. टप्पी नकळत आवाजाची वाट बघत होती. आवाज आला नाही. तिने आईकडे बघितलं.

“दिसला?”

“दिसला,” आई म्हणाली.

टप्पीला वाटलं, आपला सगळा जन्म या एका शब्दासाठी रंधा मारत होता. जिंकलेल्या माणसाला येतो तसा थोडा आगाऊपणा तिच्या अंगात आला. ती म्हणाली, बघ, उगीच वारा आणि दिवा आणि भिंत करत बसलीस. आधीच बाजूला बसली असतीस तर माझेही दिसले असते सगळे.

आईने विणकाम गुंडाळून पिशवीत ठेवलं. पिशवीचं तोंड दोरीने बांधलं. समोर बघत राहिली.

“आता मध्ये फळीच राहिली नाही, तर सरळच सांगते,” ती म्हणाली. “मी बाजूलाच बसायचे. अगदी पहिल्या बाकावर. तू नुकती खेळायला लागली होतीस. तुझा एक चेंडू हुकला आणि तू वळून माझ्याकडे बघितलंस. आणि माझं हे तोंड असं. त्यानंतर तू त्या अख्ख्या सामन्यात रिंगकडे चेंडू टाकलाच नाहीस. हातात आला की दुसरीला दे, तिसरीला दे. घरी येऊन म्हणालीस, बूट चावत होता.”

टप्पीला बूट आठवत होता. लाल नाडीचा, उजव्या पायाचा. बाकी काही आठवत नव्हतं.

“मला आवाज सांभाळता येतो गं. तोंड नाही सांभाळता येत, कधीच नाही आलं. म्हणून मागे जाऊन बसले. ह्यांना म्हटलं, काही झालं तरी फळी तेवढी जाड राहू दे.”

टप्पीने बाजूच्या बाकाकडे बघितलं. अण्णा छतावरचे दिवे तपासत होते, जणू ते त्यांनीच बसवले होते. त्यांच्या शेजारी रंगारी मामा तोंड उघडून काहीतरी सांगत होता आणि या वेळी त्याच्या दातांत द्यायला चिकटपट्टी कुणाजवळ नव्हती. टप्पीच्या डोळ्यांसमोर एकामागून एक फिक्या हिरव्या पाठी उभ्या राहिल्या, घासलेल्या कडांच्या, टोप्या घातलेल्या बोल्टांच्या. आणि त्यांच्यावर करवत चालवणारे आपले स्वतःचे हात.

काहीतरी बोलायला हवं होतं, पण सरळ बोलायची सवय नव्हती. तिने जे सुचलं ते म्हटलं. “पण मग तुला माझा एकही दिसला नाही, आई.”

“दिसायचं काय त्यात? मला सगळे कळायचे. गेला की जाळी सळसळते, नाही गेला की रिंग कण्हते. लाकूड तर मला नुसत्या आवाजानेच सांगायचं, आत जाणार की बाहेर.”

खाली भिंगरी पुन्हा चेंडू आपटत येत होती. टप, टप, टप. टप्पी आईकडे वळून बसली.

“कळायचे? मग दरवेळी सगळ्या हॉलसमोर विचारायचीस कशाला? माझे कान लाल व्हायचे.”

आईने तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली, लहानपणी धरायची तशी. तिचा चेहरा आता पडलेला नव्हता, लपलेला नव्हता, आणि सांभाळायचा प्रयत्नही ती करत नव्हती.

“तू ‘गेला, आई’ म्हणायचीस ना,” ती म्हणाली, “ते ऐकायला.”